वडगावातली अकरा मिनिटं

मुलाखत घ्यायची तर वीज जायला हवी.
माग चालू असले की वडगावात
कुणाचंच बोलणं टेपवर उमटत नाही.
बायका एकमेकींचे ओठ बघून बोलतात,
आणि ओठ कोणत्या रकान्यात भरायचे
हे मार्गदर्शकांनी सांगितलेलं नाही.

माझ्या फॉर्मवर 'मातृभाषा'पुढे चौकोन एकच.
पहिल्याच घरी म्हातारबा म्हणाले,
"कुठनं आलीस? इकडनं का तिकडनं?"
विद्यापीठातून, म्हटलं.
"म्हंजे तिकडनं." दार लोटलं.
चहा मात्र खिडकीतून दिला.

खासबागच्या बाजारात पुस्तकातली युक्ती करून पाहिली:
सुताच्या रंगाचं दुकान कुठं, असं विचारायचं,
उत्तर आलं की ऐकू न आल्याचं सोंग आणायचं,
म्हणजे माणूस दुसऱ्यांदा सावरून बोलतो.
दोन्ही उच्चार भिंतीआड जाऊन टिपायचे.
केळीवाला म्हणाला, "वरल्या अंगाला."
काय?
"म्याल!" तो बोट वर करून ओरडला, कानडीत,
आणि मग माझी कीव येऊन हिंदीत.
रकाने संपले. मी डझनभर केळी घेतली.

गंगव्वा सोनटक्के, वय बावन्न, शिक्षण चौथी,
दोन यत्ता कानडी शाळेत, दोन मराठी.
मायक्रोफोन दिसताच पदर सारखा केला
आणि बातम्या देतात तसं सुरू झाली:
"आम्ही येथे पस्तीस वर्षे वास्तव्यास आहोत."
वास्तव्यास!
आत सून तोंडात पदर कोंबून हसत होती.

तेव्हा राखून ठेवलेला प्रश्न काढला:
कधी मरता मरता वाचलात का?
याचं उत्तर देताना माणसाचं
स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष राहत नाही, असं शिकवलंय.
ती गप्प झाली.
"ते बंद कर आदी."
मी बटण दाबलं.

मग तिनं सांगितलं. मागाच्या पट्ट्यात वेणी सापडली.
मघाशी धोटा म्हणत होती, आता लाळी म्हणू लागली.
डोकं चाकाकडं ओढत चाललेलं,
"निल्सो! निल्सो!" हे ओरडणं कानडीत,
पण नवरा कात्री घेऊन येईपर्यंत
मनात आकडे मोजले ते मराठीत, सतरापर्यंत.
"अठरा काय आलं न्हाई बघ."
कापलेली वेणी ट्रंकेत आहे.
वरच्या साड्या काढून दाखवली.
हात लावू का, हे मी कोणत्याच भाषेत विचारलं नाही.

दोन भाषांमधून ये-जा करणारा धोटा:
उपमा हाताशीच होती. घेतली नाही.
वीज आली.

रात्री लॉजवर हेडफोन लावला तर
बटण नीट दाबलं गेलंच नव्हतं.
सगळं होतं. अकरा मिनिटं, स्वच्छ,
मागे फक्त एक कोंबडी.
असा ऐवज तीन वर्षांत एकदा हाती लागतो.
आणि मधेच कुणीतरी म्हणत होतं,
"अक्का, काय सांगूलालीस!"
सून असेल म्हणून पुन्हा ऐकलं.
सून नव्हती.

आई कडोलीची. लग्न होऊन पुण्याला आली,
नळावरच्या बायका हसल्या,
महिन्याभरात तिनं बोलणं बदललं.
मला यातलं काहीही शिकवलेलं नाही.
मग हे क्रियापद आलं कुठून?
वहीत प्रश्नचिन्ह काढलं, त्याला गोल केला.

तिनं बंद कर म्हटलं होतं.
फाइल पुसली.
पुसण्याआधी आणखी एकदा ऐकली, हेही लिहून ठेवते.

मग फोन लावला.
"आई, काय करूलालीस?"
पलीकडे शांतता. सवयीनं मोजली:
दोन पूर्णांक सात सेकंद.
मग आई बोलली.
त्याची नोंद केलेली नाही.